कार्ड बदललं, कॉम्प्युटर रुसला

लॅपटॉप हँग झाला की माणूस काय करतो? आधी माउस हलवतो. मग तोच माउस जरा रागाने हलवतो. मग एस्केप, एंटर, कंट्रोल-आल्ट-डिलीट... आणि सगळ्यात शेवटी हळूच आजूबाजूला बघतो, आपली फजिती कुणी पाहिली तर नाही ना! गेल्या मे महिन्यात हा अख्खा कार्यक्रम मी एका दिवसात सात वेळा केला. सातही वेळा शेवट एकच. पॉवरचं बटण दाबून धरायचं, स्क्रीन काळा होईपर्यंत मनातल्या मनात दहा आकडे मोजायचे आणि सेव्ह न केलेल्या परिच्छेदाला श्रद्धांजली वाहायची.

(या प्रकाराला शुद्ध कॉम्प्युटरी भाषेत ‘फ्रीज होणं’ म्हणतात. पण आपल्याकडे फ्रीज म्हणजे दूध ठेवायचं कपाट, त्यामुळे मी ‘हँग’च म्हणणार.)

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात, ऑफिसातल्या आयटीवाल्याला फोन लावायचा. बरोबर आहे. पण माझं ऑफिस म्हणजे गोराई-२मधल्या भाड्याच्या घरातलं डायनिंग टेबल आणि आयटी डिपार्टमेंट म्हणजे मीच. फ्रीलान्सरचा लॅपटॉप बंद म्हणजे दुकानाचं शटर खाली.

गोराई म्हटलं की लोकांचा पुढचा प्रश्न ठरलेला, ‘बीचवाली का?’ नाही हो, अलीकडची. खाडीच्या या बाजूला बोरिवलीची गोराई आहे, म्हाडाची. १९८०च्या दशकात जागतिक बँकेच्या कर्जातून चारकोपबरोबर आखलेली, छोट्या छोट्या प्लॉटच्या सोसायट्यांची. बीच, चर्च आणि मूळ गाव खाडीपलीकडे. मध्ये होडी. मला दोन्हीकडचा वारा मिळतो, आणि तो खारा असतो. आमच्याकडे खिडकीचं ग्रिल गंजतं, एसीचा बाहेरचा डबा गंजतो, सायकल तर पहिल्या पावसातच म्हातारी होते. त्यामुळे सहा वर्षं वापरलेल्या लॅपटॉपचं वायफाय अधूनमधून गायब व्हायला लागलं, तेव्हा मी पहिला संशय खाडीवर घेतला. दोष हवेचा की वयाचा, कोण सांगणार? एके दिवशी खालच्या कोपऱ्यातलं ते पंख्यासारखं चिन्ह गेलं ते गेलंच. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डाचं नावसुद्धा नाही. जणू ते कार्ड कधी जन्मालाच आलं नव्हतं.

मग नवं कार्ड. त्यासाठी लॅमिंग्टन रोड. कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण ग्रँट रोड स्टेशनबाहेर हे नाव घेऊन पत्ता विचारून बघा, लोक आधी तुमच्याकडे नीट बघतील. तिथल्या एका काउंटरवरच्या मुलाने मला जो प्रश्न विचारला, त्याबद्दल त्याला मनापासून धन्यवाद. मी म्हटलं, ‘एएक्स२११ द्या, नंबर मोठा तर कार्ड चांगलं ना?’ तो म्हणाला, ‘मॅडम, लॅपटॉप कुठला? प्रोसेसर कुठला?’

या प्रश्नात मोठी गोम आहे. इंटेलची एएक्स२१० आणि एएक्स२११ ही कार्डं दिसायला जुळ्या बहिणी. तोच आकार, तोच स्क्रू, त्याच दोन वायरी. पण २१० हे स्वयंपूर्ण कार्ड आहे. वायफायसाठी लागणारं सगळं त्याच्या अंगावरच असतं. २११चा अर्धा मेंदू इंटेलच्या प्रोसेसर-चिपसेटमध्ये बसलेला असतो, त्यामुळे ते त्या सोयीच्या मशिनमध्येच चालतं. माझ्या लॅपटॉपमध्ये एएमडीचा प्रोसेसर. तिथे २११ बसेल, पण चालणार नाही. एएक्स२०० आणि एएक्स२०१ या जोडीचंही तेच. शेवटी एक असेल तर आधी विचारा, मग पैसे काढा. मी एएक्स२१० घेतलं आणि लोकलमध्ये विंडो सीट मिळाल्याच्या आनंदात घरी आले.

बसवणं खरंच सोपं होतं. चार्जर काढला, मागचं झाकण उघडलं, आधी बॅटरीचा कनेक्टर काढला (हे विसरायचं नाही), एक स्क्रू, जुनं कार्ड बाहेर, नवं आत. अँटेनाच्या दोन बारीक वायरींची टोकं तिळाएवढी. ती वरून सरळ दाबली तर ‘टिक’ होऊन बसतात, तिरकी दाबली तर चेपतात. वीस मिनिटांत वायफाय सुरू! मी स्वतःचा फोटो काढून मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकला, हातात स्क्रू-ड्रायव्हर वगैरे.

रात्री साडेनऊला पहिला हँग.

गाणं सुरू होतं, ते एका अक्षरावर अडकून ‘टर्रर्र’ वाजायला लागलं. माउस थिजला. घड्याळ ९.३४वरच. मी म्हटलं, होतं असं. दुसऱ्या दिवशी तीनदा झालं. त्यानंतर रोज, दोनदा, तीनदा, वेळ ठरलेली नाही. मी टाइप करत असले की नाही व्हायचं. फोनवर बोलून परत आले की गोठलेलं. चहा ठेवून आले की गोठलेलं. एका संपादकाबरोबरच्या व्हिडिओ कॉलमध्ये मी तोंड अर्धवट उघडं ठेवून स्थिर झाले, तो स्क्रीनशॉट त्यांच्या ऑफिसात अजून फिरतोय असं ऐकलंय.

सल्ले भरपूर आले. कॉलेजच्या मित्राने एका शब्दात उत्तर दिलं, ‘फॉरमॅट.’ त्याला लॅपटॉपचा बिजागर तुटला सांगितलं असतं तरी तो फॉरमॅटच म्हणाला असता. मग मी एका दुरुस्तीच्या दुकानात गेले. तिथल्या गृहस्थांनी लॅपटॉप सुरू केला, पाच मिनिटं न्याहाळला आणि जड आवाजात निदान केलं, ‘मदरबोर्ड गेलाय. अकरा हजार. चार दिवस ठेवावा लागेल.’ अकरा हजार म्हणजे माझी महिन्याची ब्रॉडबँड, वीज आणि किराणा, आणि वर एखादा लेख फुकट लिहिल्यासारखं. चार दिवस तर त्याहून महाग, कारण त्याच आठवड्यात मला एक मोठा लेख द्यायचा होता. मी ‘विचार करून सांगते’ म्हटलं. मुंबईत याचा अर्थ सगळ्यांना कळतो.

तो लेख होता बॉटल मसाल्यावर. ईस्ट इंडियन घरांमध्ये पावसाळ्याआधी, ऐन उन्हाळ्यात मिरची आणि वीसेक जिन्नस भाजून, कांडून, गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरतात, तो मसाला. गोराई गावातल्या एका आंटींनी वेळ दिली होती. सकाळच्या होडीने खाडी ओलांडली. होडीत माझ्या एका बाजूला पॅगोडाला निघालेलं कुटुंब, दुसऱ्या बाजूला एक स्कूटर. पलीकडे पोचून आंटींच्या ओट्यावर बसले, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि त्या सांगतील तसं टाइप करू लागले. मध्येच त्या मिरच्या हलवायला उठल्या, मी हात थांबवला आणि तेवढ्यात हँग. पुन्हा सुरू केला. त्या शेजारणीशी बोलायला लागल्या, पुन्हा हँग. एका तासात चार वेळा! घरी दिवसातून दोन-तीन वेळा, आणि इथे तासाला चार? शेवटी आंटींनीच नातवाची वही आणून दिली. ‘हिच्यात लिही,’ म्हणाल्या, ‘ही नाही बंद पडणार.’

परतीच्या होडीत मी मसाल्याचा विचार करायला हवा होता. पण डोक्यात एकच प्रश्न, गावात वेगळं काय होतं? ऊन? नाही, ओटा गार होता. नेट? तिथे वायफाय जोडलेलंच नव्हतं. मग जेट्टीवर उतरता उतरता ट्यूब पेटली. घरी डायनिंग टेबलाजवळ प्लग आहे, म्हणून माझा चार्जर कायम लावलेला असतो. ओट्यावर मी बॅटरीवर होते.

हा धागा मिळाला नसता तर बहुधा मी अकरा हजार मोजले असते.

घरी येऊन पहिलं काम काय केलं? स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ टाइप केलं. विंडोजमध्ये रिलायबिलिटी मॉनिटर नावाची गोष्ट असते, कॅलेंडरसारखी. ज्या दिवशी मशिन कोलमडलं त्या दिवसावर लाल फुली. माझ्या कॅलेंडरवर कित्येक आठवडे एकही फुली नाही, आणि कार्ड बसवलं त्या तारखेपासून लाल फुल्यांची रांग. मदरबोर्ड आपणहून त्याच संध्याकाळी गेला असेल? असूही शकतं, पण एवढा योगायोग सिरियलमध्येच होतो.

मग वजाबाकी. कार्ड काढून टाकलं. नेटसाठी फोन यूएसबी केबलने जोडला. दोन दिवस तसंच काम केलं, मुद्दाम बॅटरीवर, मुद्दाम मध्येमध्ये उठून. एकदाही हँग नाही! म्हणजे मदरबोर्ड सरसकट ‘गेलेला’ नव्हता. कार्डाचा स्लॉट खराब असण्याची शक्यता उरत होती, हे मान्य. पण अकरा हजारांचा निकाल तेवढ्यावर देता येत नाही. आणि हो, या दोन दिवसांचा आणखी एक फायदा. लॅपटॉप उघडताना हाताच्या धक्क्याने रॅम जरा वर आली असती, नाहीतर अँटेनाची वायर पंख्यात अडकली असती, तरी असंच हँग झालं असतं. कार्ड नसतानाही हँग होत राहिला असता, तर मी आधी तिकडे बघितलं असतं.

पुढची गंमत मला माहीतच नव्हती. हे एवढंसं कार्ड म्हणजे एका घरात राहणारे दोन भाडेकरू. वायफायचा भाग मदरबोर्डशी पीसीआय एक्सप्रेस नावाच्या रस्त्याने बोलतो, ब्लूटूथचा भाग त्याच स्लॉटमधल्या यूएसबीच्या रस्त्याने. त्यामुळे दोघांना वेगवेगळं तपासता येतं. कार्ड परत बसवलं, डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय ‘डिसेबल’ केलं, ब्लूटूथ चालू ठेवलं. एक दिवस शांततेत गेला. मग उलट केलं. ब्लूटूथ बंद, वायफाय चालू, चार्जर काढलेला. अकराव्या मिनिटाला टर्रर्र! मला चक्क आनंद झाला. हँग झाल्यावर टाळी वाजवणारी गोराईतली मी पहिलीच असेन.

आता इव्हेंट व्ह्यूअर. ही विंडोजची पोलीस डायरी, पण वाचायची कशी ते कळायला हवं. बहुतेक लोक तिथे ‘कर्नल-पॉवर, ४१’ अशी लाल नोंद बघून घाबरतात आणि पॉवर सप्लाय बदलायला निघतात. ४१चा अर्थ एवढाच की मशिन नीट बंद न होता बंद झालं. ते मला माहीतच होतं, बटण मीच दाबलं होतं! ही नोंद म्हणजे पंचनामा, खुनी नव्हे. मी त्या आधीच्या पिवळ्या नोंदी बघितल्या. ‘व्हीया-लॉगर, १७’, एकाखाली एक, ढिगाने. आत लिहिलेलं, पीसीआय एक्सप्रेस रूट पोर्टवर चूक झाली आणि ती सुधारली. म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांच्यातला संवाद तुटत होता, जोडला जात होता, पुन्हा तुटत होता. एखाद्या वेळी जोडला गेला नाही की संपलं.

मी पहिला उपाय केला ड्रायव्हरचा. माझं जुनं कार्ड दुसऱ्याच कंपनीचं, त्याचा ड्रायव्हर अजून घरात ठाण मांडून बसलेला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘लपलेली डिव्हाइसेस’ दाखवायला सांगितलं, तर जुन्या कार्डाचं नाव फिकट अक्षरात हजर. ते अनइन्स्टॉल केलं, सोबत ड्रायव्हर काढून टाकायच्या चौकोनातही टिक केली. नव्या कार्डाचा ड्रायव्हर विंडोजने दिलेला न ठेवता इंटेलच्या साइटवरून घेऊन टाकला. मग पूर्ण शटडाउन. पूर्ण म्हणजे शिफ्ट दाबून धरून शटडाउन, कारण फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोज नेहमीच्या शटडाउनला खरं झोपतच नाही, डोळे मिटून पडून राहतं. फरक पडला. दिवसाला तीनवरून एकावर आलं. लेखाच्या आदल्या रात्री मी अर्धा विजय साजरा केला आणि बाराशे शब्द लिहून झाल्यावर तो एक झाला.

तेव्हा वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. चार दिवस आपण उगीच शेरलॉक होम्स बनलो, त्यापेक्षा दुकानात दिला असता तर आज मिळाला असता, असंही वाटून गेलं. तेव्हा रात्री एक वाजला होता आणि लेख सकाळी दहाला द्यायचा होता. मग पुन्हा त्या ओट्याची आठवण झाली. बॅटरी! आणि मी टाइप करत असताना कधीच नाही, थांबले की होतं. म्हणजे काम करताना नाही, आराम करताना बिघडतंय.

तर प्रकार असा. लॅपटॉप बॅटरी वाचवण्यासाठी, कार्ड रिकामं बसलं की कार्ड आणि बोर्डमधली ती पीसीआय एक्सप्रेसची लिंक झोपवतो. आमच्या सोसायटीच्या वॉचमनकाकांसारखं. दुपारी गेटवर कुणी नसलं की डुलकी, गाडीचा हॉर्न ऐकू आला की उठायचं. जुन्या वॉचमनला किती वेळात उठायचं ते सगळ्यांना माहीत होतं. नवा वॉचमन आला आणि त्याचं उठणं गेटच्या वेळेशी जुळेना. गाडी गेटमध्ये, काका अर्धवट झोपेत, मागे अख्ख्या रस्त्याची लाइन. विंडोजच्या नेहमीच्या ‘बॅलन्स्ड’ प्लॅनमध्ये ही डुलकी चार्जर लावलेला असताना ‘मध्यम’ आणि बॅटरीवर ‘कमाल’ असते. घरी दिवसाला तीन आणि ओट्यावर तासाला चार हे गणित तिथेच सुटलं.

कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, प्लॅनची अॅडव्हान्स्ड सेटिंग्ज, पीसीआय एक्सप्रेस, ‘लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट’. दोन्ही ठिकाणी ‘ऑफ’. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या प्रॉपर्टीजमधल्या पॉवर मॅनेजमेंट टॅबवर ‘वीज वाचवण्यासाठी हे डिव्हाइस बंद करू दे’ अशा अर्थाची टिक काढली. (काही नव्या लॅपटॉपमध्ये हे पर्याय लपवलेले असतात. दिसले नाहीत तर आपलं डोकं ठिकाणावर आहे ना, अशी शंका घेऊ नका.) चार्जर काढला. लॅपटॉप तसाच ठेवून चहा केला, मुद्दाम आलं किसून, वेळ लावून. परत आले. घड्याळ पुढे सरकत होतं.

पहाटे चारला लेख संपला. पिवळ्या नोंदीही थांबल्या होत्या.

नंतर सवडीने लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून बायोस अपडेट केला, कारण झोपण्या-उठण्याचे असले घोळ बरेचदा तिथे सुधारलेले असतात. एक सांगून ठेवते. बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकरची रिकव्हरी की शोधून लिहून ठेवा. अपडेटनंतर विंडोज ती मागू शकतं, आणि ती नसेल तर हँग परवडला म्हणायची पाळी येते. चार्जर लावलेला हवा हे तर आलंच. अपडेटनंतर मी लिंकची डुलकी ‘मध्यम’वर आणून पाहिली, तीन आठवडे झाले, एकही फुली नाही. बॅटरीवर मात्र ‘ऑफ’च ठेवलीय. थोडी बॅटरी जास्त जाते, जाऊ दे.

आपणच कार्ड विकत घ्यायचं, आपणच बसवायचं, ही चैनही तशी अलीकडची. इंटेलने मार्च २००३मध्ये सेंट्रिनो आणलं, तेव्हापासून वायफाय लॅपटॉपच्या पोटात असणं रुळत गेलं. त्याआधी बाजूच्या खाचेत पत्त्यासारखं कार्ड खुपसायचे. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा सरकारने परवानामुक्त केला जानेवारी २००५मध्ये. त्या काळातल्या थिंकपॅडमध्ये कंपनीच्या यादीबाहेरचं कार्ड टाकलं, तर मशिन सुरूच व्हायचं नाही, ‘१८०२’ असा एरर दाखवून ढिम्म उभं राहायचं. एचपीच्या कित्येक मॉडेल्समध्ये तोच एरर ‘१०४’ नावाने यायचा. लोक वैतागून फोरमवर रडायचे. आज बहुतेक लॅपटॉप कुठलंही कार्ड आत घेतात. त्यांचं एकमेकांशी पटतं का, ते बघायचं काम आपल्याकडे आलंय.

आंटींना लेख छापून आल्यावर अंक द्यायला गेले, वही परत करायला पण. त्यांनी अर्धी बाटली मसाला दिला आणि लॅपटॉपची चौकशी केली. मी त्यांच्या ओट्यावर तो उघडून, चार्जरशिवाय, अर्धा तास नुसता ठेवून दाखवला. त्यांना त्यात काय बघायचं ते कळलं नाही.

परवा तळमजल्यावरचे काका त्यांचा लॅपटॉप काखेत घेऊन आले. ‘अगं, नवीन कार्ड टाकलंय कालच, सारखा अडकतोय, फॉरमॅट करून देतेस का?’

‘काका,’ मी म्हटलं, ‘आधी बसा. अडकतो तेव्हा चार्जर लावलेला असतो का?’